"इतकी वर्षं झाली, आता कशाला उकरायचं?" : बोर्डिंगमधून आलेल्या बाबांसाठी

"मॅडम, याला आता पस्तीस-चाळीस वर्षं झाली. शाळा सुटली, धंदा उभा राहिला, लग्न झालं, पोरं मोठी झाली, आता हे सगळं उकरून काय मिळणार?" मी काउन्सेलर आहे, हा प्रश्न मला साधारण पंचेचाळीस ते साठ वयाचे पुरुष विचारतात आणि त्यातले बहुतेक स्वतःहून आलेले नसतात. कोणाला हार्टच्या डॉक्टरांनी पाठवलेलं असतं, कोणाला बायकोने जवळजवळ ओढत आणलेलं असतं. लहानपणी घरापासून लांब, फक्त मुलांच्या बोर्डिंगला राहिलेले हे लोक. तिथे मार होता, थंडी होती, भूक होती, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कोणाला सांगायची सोय नव्हती. आणि आता त्यांना एकच शंका असते, की इतकं जुनं अजून छळतंय म्हणजे आपणच कुठेतरी कच्चे आहोत का.

त्यातल्याच एका गृहस्थांबद्दल लिहितेय. त्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. आपण त्यांना भाऊसाहेब म्हणू, आपल्या निफाड-येवल्याकडे घरटी एक भाऊसाहेब असतातच.

भाऊसाहेब पन्नाशीच्या आसपासचे. नाशिकच्या अंबडला छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, इंदिरानगरला फ्लॅट, गावाकडे भाऊ द्राक्षबाग बघतो. मुलगा आठवीत. तो अभ्यास करत नाही, मोबाईल सोडत नाही, उलटून बोलतो, म्हणून घरात ठरलं की नववीपासून त्याला हॉस्टेलला टाकायचं. ठरलं म्हणजे बायकोने आणि मेहुण्याने ठरवलं, भाऊसाहेब हो पण म्हणाले नाहीत आणि नाही पण म्हणाले नाहीत. एप्रिलमध्ये सगळे मिळून एक निवासी शाळा बघायला गेले. शाळा चांगली होती असं तेच सांगतात, मोठं मैदान, स्वच्छ, ऑफिसात बसवून चहापाणी केलं. मग तिथला माणूस त्यांना मुलांची राहायची जागा दाखवायला घेऊन गेला, कॉरिडॉरमध्ये नुकतीच फिनाईलने फरशी पुसलेली, दोरीवर ओले टॉवेल, भिंतीला लागून एका रांगेत पत्र्याच्या पेट्या, आणि भाऊसाहेबांच्या छातीत दुखायला लागलं. दरदरून घाम, हातपाय गार, श्वास पुरेना. बायको घाबरली, तडक नाशिकला आणून ऍडमिट केलं. ईसीजी, टू-डी इको, रक्ताच्या तपासण्या, नंतर ती पट्ट्यावर चालायची टेस्ट, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, हार्ट ठणठणीत आहे, हा पॅनिक अटॅक वाटतोय, एकदा काउन्सेलरला भेटा.

ही गोष्ट आधी सांगून टाकते, छातीत दुखलं की पहिल्यांदा हार्टच्याच डॉक्टरांकडे जायचं. "टेन्शन असेल" म्हणून घरी बसायचं नाही. आधी हार्ट तपासून घ्यायचं, मनाचं नंतर बघता येतं.

पहिल्या सेशनला भाऊसाहेब खुर्चीच्या कडेवर बसले होते. टेन्शन काही नाही, धंदा बरा चाललाय, बायको चांगली आहे, पोरगा जरा वाह्यात आहे पण तेवढं चालायचंच. मी बायकोला वेगळं बोलावलं तेव्हा ती जे बोलली ते माझ्या अजून लक्षात आहे. "ते वाईट नाहीत हो मॅडम. दारू नाही, शिवी नाही, घरात काही कमी पडू देत नाहीत. पण घरात पाहुण्यासारखे राहतात." म्हणजे काय ते तिने सांगितलं. ताट पाच मिनिटांत संपवून उठतात, मान खाली घालून, कोणी हिसकावून घेईल असं. भाजी आवडली तरी परत मागत नाहीत. ताप आला तरी सांगत नाहीत, ही हात लावून बघते तेव्हा कळतं. त्यांच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली कायम खिशात, आत काय आहे म्हणून एकदा तिने भांडून उघडायला लावलं तर कपडे आणि बिस्किटांचे पुडे. आणि मुलगा रडायला लागला की हे उठून बाहेर जातात. लहान होता तेव्हाही. रागवत नाहीत, जवळ घेत नाहीत, चपला घालून निघून जातात.

पुढच्या वेळी मी भाऊसाहेबांना साधं विचारलं, मुलगा आत्ता तेरा वर्षांचा आहे, तुम्ही त्या वयात कुठे होतात? "बोर्डिंगला." आणि लगेच पुढे, "छान होतं. शिस्त लागली. म्हणून तर आज उभा आहे." हे वाक्य मी इतक्या जणांकडून इतक्याच घाईने ऐकलंय की ते आलं की मी थांबते आणि पुढचं येऊ देते.

पुढचं यायला बरेच आठवडे लागले आणि ते तुकड्यातुकड्याने आलं.

१९८६ चा जून. पाचवी. थोरला भाऊ शाळा सोडून शेतीत लागलेला, वडलांना वाटत होतं की एक तरी पोरगा साहेब व्हावा. कोणीतरी सांगितलं की अमुक ठिकाणी मुलांची शाळा आहे, फार कडक आहे, पोरं सुतासारखी सरळ होतात. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून रात्रीची एसटी, पुण्यात गाडी बदलायची, मग घाट. मांडीवर नवीन पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगाने पेंटरकडून नाव घातलेलं, त्याचं त्याला केवढं अप्रूप. शाळेत पोचल्यावर वडील म्हणाले, "तू पेटी लाव, मी एसटीची वेळ विचारून येतो." ते परत आलेच नाहीत. निरोप घेताना पोरगं रडेल आणि आपल्यालाही आवरणार नाही म्हणून ते तसेच गेले असतील, हे भाऊसाहेबांना आज कळतं. दहा वर्षांचं पोरगं मात्र संध्याकाळपर्यंत गेटकडे बघत बसलं होतं आणि मग जेवणाची शिट्टी झाली.

पहाटे पाचला शिट्टी, हौदाचं गार पाणी, डिसेंबरातही. रेक्टरच्या हातात वेताची छडी. पण छडीचं दुःख त्यांना फारसं नाहीये, छडी तर गावच्या शाळेतही होती. रविवारी सगळ्यांना अंतर्देशीय पत्रं वाटायचे. फळ्यावर मजकूर लिहिलेला असायचा. मी येथे खुशाल आहे, अभ्यास चांगला चालला आहे, काळजी नसावी. तेच उतरवायचं, मग सर वाचणार आणि मग चिकटवणार. पहिल्याच महिन्यात भाऊसाहेबांनी शेवटी एक ओळ घातली, "आण्णा मला घ्यायला या". सरांनी ते पत्र फाडलं नाही, त्यांना उभं करून सगळ्या रांगेसमोर मोठ्याने वाचायला लावलं. त्यानंतर सहा वर्षं घरी फक्त खुशाली जात राहिली.

आणि मग गादी. हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात त्यांचं अंथरूण ओलं व्हायला लागलं. घरी ते कधीच बंद झालं होतं. ज्याची गादी ओली त्याने ती डोक्यावर घ्यायची, सकाळच्या पीटीच्या वेळी मैदानाला चक्कर मारायची आणि मग गादी उन्हात टाकून तिच्याशेजारी उभं राहायचं, नाश्ता संपेपर्यंत. कापसाची गादी, ओली झाल्यावर किती जड होते ते ज्याने उचललीय त्यालाच माहीत. बाकीची पोरं बघणार, काही हसणार, काही मान फिरवणार कारण उद्या त्यांची पाळी असू शकते. मग भाऊसाहेब संध्याकाळपासून पाणी प्यायचे बंद झाले. मग रात्रभर जागं राहायला लागले. मला सांगताना हे सगळं ते दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं सपाट आवाजात सांगत होते, फक्त डावा हात सारखा मानेवर जात होता.

इथे थोडं थांबून सांगते, कारण आजही हॉस्टेलमध्ये आणि घरातही यावरून मुलांना बोलणी बसतात. ज्या मुलाचं अंथरूण ओलं होणं बंद झालेलं असतं आणि पुन्हा सुरू होतं, त्याच्यामागे खूपदा ताण असतो, घर सुटणं, भीती, घरातली भांडणं. कधी लघवीचं इन्फेक्शन किंवा डायबेटिससारखं शारीरिक कारणही असतं, म्हणून डॉक्टरांना दाखवायचं. पण मूल ते मुद्दाम करत नाही, ते झोपेत असतं. शिक्षा केली की भीती वाढते आणि भीतीने तेच पुन्हा होतं.

आता मूळ प्रश्न. इतक्या वर्षांनी फिनाईलच्या वासाने माणूस का कोसळतो? आपली नेहमीची आठवण मेंदूत तारीख-वार लावून ठेवली जाते, म्हणून ती आठवताना "हे तेव्हाचं आहे" हेही कळतं. फार भीतीच्या वेळी हे काम नीट होत नाही. वास, आवाज, गारवा असे तुकडे राहून जातात, तारीख न लागलेले. त्यातून वासाचा रस्ता मेंदूतल्या भीतीच्या केंद्रापर्यंत फारच जवळचा आहे, विचार करणाऱ्या भागाला खबर लागायच्या आधी शरीर तयारीला लागलेलं असतं. म्हणजे त्या कॉरिडॉरमध्ये पन्नाशीच्या माणसाचं शरीर दहा वर्षांच्या पोरासारखं वागलं आणि त्यात त्या माणसाचा काही कच्चेपणा नाही. ब्रिटनमध्ये लहान मुलांना बोर्डिंगला धाडायची जुनी पद्धत आहे, तिथल्या जॉय शॅव्हेरियन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी २०११ मध्ये अशा लोकांच्या त्रासाला 'बोर्डिंग स्कूल सिंड्रोम' असं नाव सुचवलं. ते काही अधिकृत निदान नाही, पण त्यांनी जे वर्णन केलंय, लवकर घर तुटणं, भावना झाकून टाकणं, पुढे जवळच्या नात्यांत अडखळणं, ते ऐकून भाऊसाहेब म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखे तिकडेपण आहेत का?" त्यांना त्यातून मोठा धीर मिळाला.

पाहुण्यासारखं राहणं, कपाटाचं कुलूप, न मागणं, न सांगणं, हे सगळं त्या पोराने तिथे जगण्यासाठी शोधून काढलेलं शहाणपण होतं, हे मला इथे ठासून सांगायचंय. तिथे जो मागायचा त्याला मार पडायचा, जो रडायचा त्याला जास्त पडायचा, म्हणून त्याने दोन्ही बंद केलं आणि तो टिकला. शाळा सुटली पण ही सवय मोडायला त्याला कोणी सांगितलंच नाही. आता ती बायकोच्या आणि पोराच्या वाट्याला येतेय. उकरायचं कशाला, तर यासाठी. ती गोष्ट गाडलेली नाहीच मुळी, रोज जेवणाच्या ताटावर हजर आहे.

आता "मार खाल्ला म्हणूनच घडलो" याबद्दल. भाऊसाहेबांच्या बॅचचा व्हॉट्सऍप ग्रुप आहे. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांचं गेट-टुगेदर झालं, रिसॉर्टवर, तिथे रात्री सगळे रेक्टरची नक्कल करून हसत होते, कोणाला किती छड्या बसल्या त्याच्या बढाया, ते सोन्यासारखे दिवस वगैरे. भाऊसाहेबही हसले. त्यानंतर महिनाभर त्यांना नीट झोप नव्हती, त्यांनी ते ऍसिडिटीवर ढकललं. मी त्यांना विचारलं, गेट-टुगेदरला कोण आलं होतं? जे टिकले ते. सहावीत अर्ध्या वर्षात ज्याला मामा घेऊन गेला तो त्या ग्रुपवर आहे का? जो दोनदा पळून गेला, पुढे ज्याचं काय झालं कोणाला माहीत नाही, तो आहे का? टिकलेल्यांना विचारून शाळा चांगली होती का हे ठरवता येत नाही. आणि टिकलेल्यांमध्ये जी मेहनत आहे, हुशारी आहे, ती त्यांची स्वतःची आहे, त्यांच्या आईबापाने दिलेली आहे, ती छडीच्या खात्यावर का जमा करायची?

यानंतर एका सेशनला ते आले आणि म्हणाले की आज मी सांगतो आणि मग तुम्हाला मला परत बोलवायचं नसेल तर चालेल.

नववीत ते मॉनिटर झाले. छोट्यांच्या खोलीची जबाबदारी, रेक्टरने छडी त्यांच्याच हातात दिली. आणि एका सहावीतल्या मुलाला त्यांनी गादी डोक्यावर घेऊन पळायला लावलं. एकदा नाही, ते पोरगं तिथे होतं तोवर. "मला माहीत होतं मॅडम, कसं वाटतं ते. मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. आणि मीच केलं."

बोर्डिंगच्या आठवणी सांगणारे पुरुष जिथे अडतात ती जागा खूपदा हीच असते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्याला काय झालं ते एकवेळ सांगता येतं, आपण काय केलं ते घशाखाली अडकून बसतं. आणि मार खाल्ल्याचं बोललो तर हेही बाहेर येईल या भीतीने माणूस दोन्हींवर झाकण ठेवतो. "जाऊ द्या हो, लहान होतात" असं मी म्हटलं असतं तर ते त्यांच्या मनाला पटलं नसतं, आणि खरंही नाहीये ते पूर्ण. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात छडी देणारा मोठा माणूस होता, ती पद्धत मोठ्यांनी चालवली होती, मॉनिटरने मऊ वागलं तर त्यालाच मार पडत होता, याची जबाबदारी त्या मोठ्यांची. आणि त्या पोराला जो त्रास झाला तो भाऊसाहेबांच्या हातून झाला, हेही आहे. दोन्ही गोष्टी सोबत घेऊन बसायला आम्हाला बराच काळ लागला, त्यात ते रडले, चाळीस वर्षांत पहिल्यांदा असं म्हणाले, आणि मग बराच वेळ रडल्याबद्दल माफी मागत बसले.

त्यांना त्या मुलाला शोधायचं होतं. मी लगेच हो म्हटलं नाही. माफी मागून आपलं मन हलकं होतं, पण समोरच्याने आपलं सगळं कसंबसं मिटवून ठेवलेलं असतं आणि आपण त्याच्या दारात जाऊन ते उघडतो. त्यामुळे आधी ठरवलं की मेसेज करायचा, फोन नाही, आणि मेसेजमध्ये "माफ कर" असं मागायचं नाही, कारण ते मागणं म्हणजे पुन्हा त्याच्यावरच एक काम टाकणं. मी काय केलं ते मला आठवतं, ते चूक होतं, तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, बस एवढंच. त्यांनी लिहिलेला पहिला मसुदा दीड पानाचा होता, त्यात रेक्टर होता, वडील होते, सगळी कारणं होती. काढत काढत चार ओळी राहिल्या. नंबर मिळाला, मेसेज गेला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "आठवतं मला. फोन करू नका."

भाऊसाहेबांनी फोन केला नाही. त्या उत्तराचं काय करायचं यावर आम्ही अजून बोलतो.

कामाची पद्धतही थोडक्यात सांगते, कारण लोकांना वाटतं काउन्सेलिंग म्हणजे नुसतं जुनं काढून रडणं. आम्ही सुरुवातीचे बरेच आठवडे जुन्याला हातही लावला नाही. आधी अटॅक आला तर काय करायचं ते शिकलो. पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं घ्यायची, आजची तारीख, आपलं वय, आपण नाशिकमध्ये आहोत हे मोठ्याने म्हणायचं. पॅनिक अटॅक काही मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो, हे एकदा अनुभवलं की त्याची अर्धी भीती जाते. झोपेसाठी मी त्यांना सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, औषध देणं माझं काम नाही, आणि काही महिने गोळी घेतली म्हणून कोणी वेडं ठरत नाही. पुढे लिहायला सांगितलं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात यावर काम सुरू केलं, सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, मनात आहे ते लिहायचं, शुद्धलेखन बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. अनेकांना याचा उपयोग होतो. पण लिहिताना जास्तच बिघडायला लागलं तर थांबायचं, एकट्याने रेटायचं नाही. ईएमडीआर नावाची, डोळ्यांच्या हालचाली वापरून करायची पद्धतही अशा आठवणींसाठी वापरतात, तिचं रीतसर ट्रेनिंग घेतलेल्या माणसाकडेच करावी.

आई-वडलांचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्यांना दोष द्यायचा का? भाऊसाहेबांच्या घरी दर आठवड्याला खुशालीचं पत्र येत होतं, वडील ते चावडीवर वाचून दाखवायचे. त्यांना काय कळणार? पण दिवाळीला घरी आल्यावर पोरगं वाळलंय, बोलत नाहीये, हे दिसत होतंच ना, आणि तरी परत पाठवलं, याचा राग आहे. तो राग असू दे. प्रेम आणि राग एकाच माणसाबद्दल असू शकतात, राग आला म्हणून आपण कृतघ्न होत नाही. वडील आता नाहीत. आई ऐंशीच्या पुढे आहे, गावी असते. आईला सांगायचं की नाही यावर भाऊसाहेबांनी खूप विचार केला आणि न सांगायचं ठरवलं. मला ते पटलं. सगळ्यांना सगळं सांगायलाच हवं असं काही नाही. एका माणसाला पूर्ण सांगितलेलं पुरतं, त्यांनी बायकोला सांगितलं.

आणि मुलाला थोडंसं. गादीचं सांगितलं. मुलाने पहिला प्रश्न विचारला, "मग तुम्ही पळून का नाही आलात?" भाऊसाहेबांनी सांगितलं की पेटीच्या अस्तराखाली एसटीच्या भाड्याचे पैसे जमवले होते, पुण्यापर्यंतचे झाले होते, पुढचे होत नव्हते. मुलाला हे भयंकर आवडलं, तो अजून त्या प्लॅनबद्दल विचारतो. मोबाईलवरून भांडणं आजही होतात, ती जादूने थांबली नाहीत, पण भांडण झालं की भाऊसाहेब चपला घालून निघून जात नाहीत.

हॉस्टेलचा बेत सध्या रद्द आहे. याचा अर्थ मी हॉस्टेलच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका. आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या कितीतरी पाड्यांवरच्या मुलांना आश्रमशाळा किंवा वसतिगृह नसेल तर दहावी गाठणं अवघड आहे, आणि जीव लावणारे शिक्षक, अधीक्षक मी स्वतः पाहिलेत. माझं म्हणणं असं की मूल ऐकत नाही, घरात पटत नाही, म्हणून "सरळ करायला" त्याला पाठवू नका. मुलाला त्याचा अर्थ एकच कळतो, की मी नकोसा झालो. शिकायला पाठवत असाल तर त्याला विचारून, दाखवून, आणि निरोप समोर उभं राहून घ्या. रडेल, रडू द्या, तुम्हीही रडा.

जागा बघायला जाल तेव्हा मैदान आणि निकाल सगळेच दाखवतात. तुम्ही हे विचारा की रात्री मुलांजवळ कोण मोठं माणूस झोपतं, अंथरूण ओलं झालं तर काय करतात, मोठ्या मुलांकडे छोट्यांना शिक्षा करायचा हक्क आहे का, आणि मूल घरी फोन करतं तेव्हा शेजारी कोणी उभं असतं का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा घुटमळला तर तिथून निघा. शाळेतला मार हा कायद्याने गुन्हा आहे का असं बरेच पालक विचारतात. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तरी लक्ष ठेवावंच लागतं. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२ हजारांवर मुलांशी बोलून अहवाल काढला होता, त्यात शाळेत जाणाऱ्या साधारण ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. त्याच अहवालात लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते, म्हणून "मुलगा आहे, त्याला काय होतंय" हे डोक्यातून काढा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. मुलाने असं काही सांगितलं तर आधी विश्वास ठेवा, उलटतपासणी करू नका, आणि पोलिसांना कळवा, कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर मुलांनाही पाठ करून द्या.

आणि ज्यांच्या घरात असे एक भाऊसाहेब आहेत त्या बायकांसाठी. त्यांना "तुम्ही मोकळे का होत नाही" असं समोरासमोर बसवून विचारू नका, ते अजून बंद होतील. गाडी चालवताना, भाजी निवडताना, बाजूबाजूला बसून बोलणं सोपं जातं. तिकडे जेवायला काय असायचं, थंडीत काय पांघरायचात, असं साधं विचारा. ते बोलायला लागले तर मध्येच "बिचारे" म्हणू नका आणि "झालं गेलं गंगेला मिळालं" तर अजिबात म्हणू नका. झोप उडाली असेल, दारू वाढली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असतील तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.